अर्ध्या पीचची परवानगी

डायलिसिस केंद्रातली आहारतज्ज्ञ बाई जे बोलली ते काकूंनी घरी येऊन नवऱ्याला, मिस्त्रींना, जसंच्या तसं सांगितलं, एक गोष्ट सोडून. मिस्त्री आत मशीनला लावलेले होते तेव्हा बाहेरच्या बाकावर हे बोलणं झालं होतं. केळं बंद, आंबा बंद, चिकू बंद, अ‍ॅव्होकॅडोचं तर नावही काढायचं नाही, इथवर सगळं खरं. मग काकूंनी विचारलं होतं, "आणि पीच?" बाई म्हणाली होती, "लहानसं असेल तर अर्धं द्या की. आठवड्यातून एखाद वेळ. तेवढ्यानं काही बिघडत नाही." घरी आल्यावर चपला काढता काढता मिस्त्रींनी नेमकं तेच विचारलं, "आणि पीच?" काकू म्हणाल्या, "बंद."

खोटं बोलायची काकूंना सवय नव्हती. सगळा जन्म औषधांच्या दुकानात काउंटरमागे गेलेला. कुणाला अर्धी गोळी, कुणाला जेवणाआधी, कुणाला जेवणानंतर, हे सांगण्यात कधी चूक झाली नाही. पण नवऱ्याला त्या ओळखून होत्या. ज्या माणसानं कधी अर्धं भांडण केलं नाही, अर्धा चहा कपात ठेवला नाही, तो अर्ध्या पीचवर थांबणार? आज अर्धं दिलं तर उद्या उरलेलं अर्धं झाडाखाली उभा राहून खाईल आणि वर शहाजोगपणे विचारेल, बी कुठे टाकू म्हणून. त्यापेक्षा दारच लावून घेतलेलं बरं. काकूंचं हे म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही, आणि म्हणूनच त्यांना ते इतके दिवस रेटता आलं.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या उभ्या खाचेत वंगणाचे हात घेऊन त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागचा लांबट पट्टा ताब्यात घेतला आणि त्यात इतकी झाडं कोंबली, की कपडे वाळत घालायला काकूंना वाकून जावं लागायचं. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे केळी. भिंतीला धरून पपया. मधे आंबा, त्याच्या बगलेत चिकू, पलीकडे पेरू. एक लिची, जिला पानांखेरीज काही द्यायचं ठाऊक नव्हतं. अगदी कोपऱ्यात, मोडक्या पत्र्यांच्या आडोशाला, एक करमळाचं झाड. ते कुणी लावलेलं नव्हतं. पाच धारांची ती पिवळी फळं वर्षातून दोन-तीनदा ढिगानं पडायची आणि काकू ती पितळेची भांडी घासायला वापरायच्या. मिस्त्री तर त्या झाडाला झाडच म्हणायचे नाहीत.

आणि मग ते पीच. या उकाड्याच्या गावात पीच लावायचं म्हटल्यावर रोपवाटिकेतला माणूससुद्धा हसला होता. थंडी पडल्याशिवाय ते झाड झोपत नाही आणि झोपल्याशिवाय फुलत नाही, आणि इथे थंडी म्हणजे आठवडाभर पंखा बंद. मिस्त्रींनी कमी थंडीत फळणारी जात शोधून आणली आणि झाडाला झोपवायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. थंडीच्या तोंडावर त्याचं पाणी तोडायचं आणि मग एकेक पान हातानं खुडायचं, म्हणजे झाडाला वाटतं पानगळ झाली, आता निजायला हरकत नाही. सगळी बाग हिरवीगार आणि मधेच हे एक बोडकं. एका वर्षी तर त्यांनी बुंध्याशी बर्फ पसरला. बर्फानं झाड फसलं की नाही देव जाणे, पण फ्रिजमधला सगळा बर्फ गेल्यामुळे काकू दोन दिवस बोलत नव्हत्या.

आजार कळल्यावर घरातलं सगळंच बदललं. मशीनसाठी मिस्त्रींच्या डाव्या हाताची शीर मोठी करून घेतली होती. त्या हातावर भार द्यायचा नाही, दाब द्यायचा नाही. भाजी आधी चिरायची, भिजवायची, उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायची, म्हणजे निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम जातं. चवही त्याच पाण्याबरोबर मोरीत जाते. काकू डोळ्यात तेल घालून हे सगळं करायच्या. पाहुण्यांच्या हातातलं फळसुद्धा दारातच काढून घ्यायच्या. मिस्त्रींचा जीव राखला जात होता, पण दोघांमधलं बोलणं आटत चाललं होतं. पूर्वी मिस्त्री बायकोची थट्टा करायचे. आता "हे चालतं का?" आणि "नाही" एवढ्यावर दिवस निभायचा. पहारेकरी आणि कैदी यांच्यात तरी याहून जास्त बोलणं होत असेल, असं काकूंना वाटायचं आणि त्यांना वाईट वाटायचं.

त्या वर्षी मिस्त्रींनी पीचची पानं स्टुलावर बसून, एका उजव्या हातानं खुडली. पंधरवडा लागला. आणि त्या वर्षीच झाड असं फुललं, की गल्लीतले लोक मागच्या भिंतीवरून डोकावून गेले. फळं गोटीएवढी झाल्यावर मिस्त्रींनी त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच तोडून टाकली, कारण सगळी ठेवली तर एकही धड पोसत नाही. उरलेल्या प्रत्येक फळाला त्यांनी फळमाशीपासून वाचवायला कागदी पिशवी बांधली. तापमान वाढलं, पिशव्या फुगल्या, आणि एका सकाळी त्यांनी पहिली पिशवी सोडली. फळ लहानच होतं, मुठीत मावणारं, एका गालावर लाल.

त्यांनी ते नाकाशी धरलं, अंगठ्यानं हलकेच दाबलं आणि काकूंच्या हातावर ठेवलं. "तू खा," ते म्हणाले. "मी बघतो."

काकूंनी खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. मिस्त्री समोर स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं आहे?"

"गोड आहे."

"गोड म्हणजे? साखरही गोड असते. नीट सांग."

"आंबटगोड. सालीपाशी जरा तुरट आहे. आणि वास, तो घशातून वर येतो."

"बी सुटी होते का गराला चिकटून राहते?"

"चिकटून आहे."

मिस्त्रींनी मान हलवली, डोळे मिटले आणि जणू ते सगळं स्वतः चावून पाहिलं. सांगून टाकावं, असं तेव्हा काकूंच्या फार आलं मनात. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गेले कितीतरी महिने मी खोटं बोलत होते? त्यांनी बी झाडाखाली टाकली आणि हात धुवायला गेल्या. मग रोज सकाळी हेच सुरू झालं. मिस्त्री पिशवी सोडायचे, काकू खायच्या, आणि मिस्त्री विचारायचे, आजचं कसं आहे. कुणाला ती शिक्षा वाटली नसती. काकूंना वाटत होती.

त्या आठवड्यात एका दुपारी त्या भांडी घासायला करमळं वेचत होत्या. एक फळ हातात पिचकलं आणि रस बोटांवर आला. आंबट, पाणीदार. लिंबासारखाच की, काकूंच्या मनात आलं. लिंबू तर मिस्त्रींना चालत होतं. बाईनं स्वतः सांगितलं होतं, मीठ बंद आहे तर लिंबू पिळा. आणि करमळाचं फळ हे काही फळ नव्हे. बाईला त्याबद्दल विचारावं असं काकूंच्या डोक्यातही आलं नव्हतं, जसं भांड्याच्या साबणाबद्दल कुणी विचारत नाही. औषधांचा एवढा अनुभव असलेल्या काकू, पण पीच देता येत नव्हतं म्हणून जीव असा तळमळत होता, की लिंबाच्या त्या भावकीवर त्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला. चार फळं पिळली, गाळली, चिमूटभर साखर घातली आणि पेला मिस्त्रींच्या समोर धरला. पाणी मोजूनमापून असायचं, म्हणून तेवढं पाणी त्यांनी दिवसातून कमी केलं.

"हे काय?"

"प्या तर."

मिस्त्रींनी घोट घेतला, जिभेवर घोळवला, पुन्हा घेतला. मग म्हणाले, "अगं, हे माझ्याच बागेतलं?"

"त्या कोपऱ्यातलं."

"त्या भिकारड्याचं?" मिस्त्री हसले. खूप दिवसांनी हसले. "आणि आपण यानं कढया घासतोय."

पुढचे दिवस काकूंना आयुष्यभर आठवणार होते. रोज दुपारी पेला, आणि पेल्याबरोबर गप्पा. मिस्त्री लिफ्टच्या गोष्टी सांगायला लागले: कोणता शेठ अडकल्यावर रडला होता, कोणत्या नव्या जोडप्यानं लिफ्ट सुरू झाली तरी बाहेर यायचं नाव काढलं नाही. करमळाच्या झाडाखालचे पत्रे उचलून त्यांनी बुंध्याला चुना लावला. काकूंना त्यांनी एकदा लग्नानंतर ठेवलेल्या लाडाच्या नावानं हाक मारली, जे नाव घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंना वाटलं, पीचचं पाप थोडं फिटलं. रोजचा पेला हळूहळू मोठा होत गेला.

एक दिवसाआड मशीन रक्त धुवत होतं, तोवर निभावलं. मग केंद्राच्या सुट्टीमुळे मधला खंड लांबला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींना उचकी लागली.

"कोण एवढी आठवण काढतंय?" काकू म्हणाल्या.

"लिफ्टमधला शेठ असेल," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा उचकले.

पाणी दिलं, साखर दिली, श्वास रोखून धरायला लावला. उचकी काही थांबेना. काकूंनी करमळाचा आणखी अर्धा पेला दिला, आंबटानं उचकी जाते म्हणून. संध्याकाळ होता होता मिस्त्रींचं बोलणं घसरलं. भिंतीकडे बघून ते म्हणाले, "दोन मजल्यांच्या मधे अडकलंय. वरचा मेन बंद कर, बाळा." काकूंनी त्यांचा हात धरला, तर त्यांनी काकूंना ओळखलं नाही. त्यांनी लेकीला फोन लावला.

लेक बसच्या आगारात वेळापत्रकं बघायची आणि घरातही तशीच वागायची. कुठे कोण उशिरा, कुठे कोण चुकलं, हे तिला आधी दिसायचं. ती गाडी घेऊन आली, बापाला उचलून नेलं. वाटेत मिस्त्रींना झटका आला. रुग्णालयात त्यांना थेट मशीनवर घेतलं आणि दोघी बाहेर बसल्या.

"काय खाल्लं त्यांनी?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. मी कधी काही देते का?"

"दिलं नाहीस, पण घेतलं असेल. मी मागच्या दारानं आत आले ना, पीचच्या झाडाखाली बिया पडल्यात आई. ताज्या. चार-पाच तरी आहेत."

त्या बिया काकूंच्या होत्या. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांना दिसलं, की या वाक्याच्या मागे दुसरं येणार, मी त्यांच्यासमोर बसून खात होते, आणि त्याच्या मागे तिसरं. त्यांनी तोंड मिटलं. लेक औषधं आणायला खाली गेली.

किडनीचे डॉक्टर बाहेर आले. मिस्त्री आंब्याच्या दिवसांत त्यांच्या सगळ्या लोकांना पिशव्या भरून आंबे द्यायचे, त्यामुळे ते बागेबद्दल ऐकून होते.

"काकू, रक्तातलं पोटॅशियम फार वाढलेलं नाही. मग उचकी, भ्रम, झटका, हे कशानं? तुमच्या बागेत काय काय आहे, सगळं सांगा बरं."

काकूंनी सांगितलं. आंबा, केळी, पपई, चिकू, पेरू, लिची, पीच.

"आणखी?"

"आणखी काही नाही. एक करमळाचं आहे, पण ते काय..."

डॉक्टरांची मान वर झाली. "करमळ म्हणजे ते स्टारफ्रूट? कापलं की चांदणी दिसते?"

"हो."

"त्यांनी खाल्लं?"

"रस," काकू म्हणाल्या. "मी काढून देत होते. लिंबासारखा असतो म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, की त्या फळात एक विष असतं. तुम्हीआम्ही खाल्लं तर मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, पण ज्याचं मूत्रपिंडच गेलंय त्याच्या मेंदूत ते चढतं. उचकी ही त्याचीच पहिली खूण. "आता कळलंय, तर डायलिसिस जास्त वेळ चालवतो. वेळेत आलात. बहुतेक निभावेल." ते वळले आणि आत गेले. लेक जिना चढून आली तेव्हा काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"विष वाढलंय म्हणाले. बहुतेक निभावेल."

हेही खरंच होतं, फक्त अर्धं.

मिस्त्री निभावले. पाचव्या दिवशी त्यांनी काकूंना ओळखलं, आठवड्यानं घरी आले. मधल्या काळात लेकीनं एक काम केलं: पीचच्या झाडावरचं एकूण एक फळ, पिशव्यांसकट, काढलं आणि गल्लीत वाटून टाकलं. काकू तेव्हा रुग्णालयात होत्या. परत येऊन बघतात, तर झाडावर नुसती पानं. त्यांनी लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मिस्त्रींनी मागच्या दारात खुर्ची मागितली. पाय अजून लटपटत होते. झाडाकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. लेक त्यांच्या शेजारी उभी होती.

"मीच काढली, बाबा," ती म्हणाली. "रागावलात तरी चालेल. जीव जाता जाता राहिला तुमचा. एवढी काय हाव ती? आई बिचारी दिवसरात्र राबते आणि तुम्ही तिच्या मागे चोरून खाता."

मिस्त्रींनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या डोक्यातून ते दिवस पुसून गेले होते. जे काय उरलं होतं ते लिफ्टच्या खाचेतल्या अंधारासारखं. "खाल्लं असेन," ते हळूच म्हणाले. "आठवत नाही. पण मन होत होतं, हे खरं." मग काकूंकडे वळून म्हणाले, "तुला फार त्रास झाला. चुकलं माझं."

लेक आत स्वयंपाकघरात गेली. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. इतकी वर्षं या माणसाकडून माफी ऐकण्यासाठी त्यांनी किती खटपट केली होती. आणि मिळाली ती अशी. त्यांना तिथे उभं राहवेना. त्या खाली, त्यांच्या पायांशी पायरीवर बसल्या.

"अहो, तुम्ही काही खाल्लं नाही. ते करमळ होतं. तो रस. मीच देत होते तुम्हाला."

काकूंनी सगळं सांगितलं, लिंबापासून ते उचकीवर दिलेल्या अर्ध्या पेल्यापर्यंत. सांगताना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. मिस्त्रींनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"अगं, तुला काय ठाऊक," ते म्हणाले. "मला तरी कुठे ठाऊक होतं? झाड माझं, बाग माझी. प्रेमानं दिलंस. जाऊ दे." आणि थोडं हसून, "चव मात्र होती हो त्याला."

काकूंचा जीव भांड्यात पडला. इथे थांबता आलं असतं. शहाणी बाई थांबली असती. पण त्या हाताखाली बसून राहायचं तर सगळं सांगूनच बसावं, असं काकूंना वाटलं. अर्धवट सांगून आजवर काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

"आणि पीच," त्या म्हणाल्या. "पीच बंद नव्हतं. बाईनं सांगितलं होतं, लहानसं असेल तर अर्धं चालेल. मीच तुम्हाला बंद सांगितलं. वाटलं, तुम्ही अर्ध्यावर थांबणार नाही."

डोक्यावरचा हात उचलला गेला. चटकन नाही, हळूच, जसा विसरलेली वस्तू आठवल्यावर माणूस हात काढतो तसा.

"अर्धं चाललं असतं?"

"हो."

"या वर्षी?"

"हो."

"मी तुला विचारत होतो, कसं आहे. रोज विचारत होतो." आवाज चढला नव्हता. "आणि तू सांगत होतीस."

आत लेक भाजीचं पहिलं पाणी मोरीत ओतत होती, त्याचा आवाज येत होता.

"करमळाचं तू चुकून केलंस," मिस्त्री म्हणाले. "हे तू जाणूनबुजून केलंस."

"पुढच्या बहराला मी स्वतः कापून देईन. रोजच्या रोज नाही, पण देईन. अर्धं."

मिस्त्री झाडाकडे बघत होते. थंडी यायला अजून पावसाळा जायचा होता, मग पानं खुडायची, मग फुलं, मग फळं पोसायची. एवढा हिशेब दोघांनाही येत होता, आणि मशीनवरच्या माणसाचाही हिशेब दोघांना येत होता.

"पुढच्या बहराला," ते म्हणाले.

अंधारून यायला लागलं होतं. मिस्त्रींना उठायचं होतं. काकू पटकन उभ्या राहिल्या, नेहमीसारखा दंड पुढे केला. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं, आणि मान वळवून आत हाक मारली, "बाळा, जरा हात दे गं मला."